इंजिन भंगारातून करा, बॉयलर नको

अंबड-सातपूर लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने एकाहून जास्त वेळा उठवला, पण नाशकात भंगाराचा दुष्काळ काही पडत नाही. एमआयडीसीतल्या लेथवाल्यांच्या दाराशी उरलेल्या तुकड्यांची पेटी असते, भांडी बाजारात मोडीत आलेले हंडे-कळशा असतात, आणि गल्लीतला भंगारवाला तर हातगाडी घेऊन आपणच येतो. घरी वाफेचं छोटं इंजिन करणाऱ्याला आणखी काय हवं? गेल्या काही वर्षांत "फिरतच नाही हो" म्हणून बरीच इंजिनं माझ्याकडे आली. इंजिनातल्या चुका फार तर वेळ खातात. बॉयलर पाहून मात्र दोनदा मी स्टोव्ह बंद करायला लावला. म्हणून आधी इंजिनाचं बोलू, बॉयलरचं सावकाश.

पिवळं ते सगळं पितळ नव्हे

माझी पहिली चूक पडद्याच्या रॉडची. चकचकीत पिवळा पाइप, आत पिस्टन अगदी बसेल असा, म्हणून उचलला. पाण्याचा हात लागला आणि दुसऱ्या दिवशी आतून तांबूस गंज. वरचं पिवळं नुसता मुलामा होता, खाली पत्रा, आणि आत लांबलचक शिवण. पिस्टन त्या शिवणीवर घासत होता. तेव्हापासून खिशात लोहचुंबक असतं. चिकटलं की ते पितळ नाही, एवढं नक्की. चिकटलं नाही तरी कानशीचा एक घाव कोपऱ्यावर मारायचा आणि आत तोच रंग आहे का पाहायचं.

सिलिंडरला गनमेटलचा (तांबं-कथलाचा मिश्रधातू) किंवा पितळेचा भरीव तुकडा घेऊन लेथवर आतून बोअर करून घेतलेला बरा. फुटक्या नळाचं ओतीव पितळ स्वस्त पडतं, पण आत बारीक छिद्रं निघतात आणि ती बोअर झाल्यावरच दिसतात. तोवर लेथवाल्याची मजुरी गेलेली असते. पितळी सिलिंडरात पितळी पिस्टनही नको, सारखे धातू एकमेकांना धरतात. पिस्टन बिडाचा करा, नाहीतर खाच पाडून ग्रॅफाइटची दोरी भरा. जुन्या प्रिंटरमधले गुळगुळीत रॉड क्रँकशाफ्टला, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याला, छान जमतात. शिलाई मशीनचं बिडाचं हातचाक म्हणजे आयतं फ्लायव्हील, त्यासाठी मी घासाघीससुद्धा करत नाही.

काही गोष्टींना हातच लावू नका. जुन्या भट्टीवरची पांढरी-करडी दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते, तिची धूळ फुप्फुसात जाते. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप तापवला की जस्ताचा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. शिशात गुंडाळलेली, वाजवीपेक्षा जड, अनोळखी वस्तू तर उघडूच नका. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेलं जुनं उपकरण फोडलं गेलं आणि त्यात एक कामगार दगावला.

फिरत नाही? आधी हवेवर

इंजिन जोडलं की लोक लगेच काडी ओढतात. वाफ आली की गरम, ओलं, निसरडं सगळं एकदम होतं आणि चूक कुठे आहे ते कळत नाही. आधी हवेवर चालवा. पंक्चरवाल्याकडे जा, पण नळी लावण्याआधी त्याला दाब १५ पाउंडांवर आणायला सांगा. टायरच्या सवयीने तो पूर्ण दाब सोडतो आणि नळी साप चावल्यासारखी उडते.

नवशिक्याचं इंजिन बहुधा झुलत्या सिलिंडरचं असतं. त्यात वेगळा व्हॉल्व्ह नाही. सिलिंडर डोलतो, त्याचं भोक कधी वाफेच्या भोकासमोर येतं, कधी बाहेर सोडणाऱ्या भोकासमोर. सगळी अक्कल या तीन भोकांत आहे. बहुतेक जण भोकं मोठी पाडतात, "जास्त वाफ, जास्त ताकद" म्हणून. मग मधल्या स्थितीत सिलिंडरचं भोक दोन्ही बाजूंना थोडं थोडं उघडं राहतं आणि वाफ काम न करता सरळ बाहेर जाते. याची परीक्षा फुकट आहे. क्रँक अगदी वरच्या टोकाला आणा, वाफेच्या नळीत तोंडाने फुंका. हवा जायला नको. खालच्या टोकालाही तेच. गेली, तर भोकं बुजवून नव्याने पाडायची. कानशीने सुधारायला गेलात की भोक आणखी मोठं होतं.

त्याच फुंकण्यात बाजूने फुसफुस आली, तर दोष दोन सपाट तोंडांचा: एक सिलिंडरचं, दुसरं तो ज्यावर डोलतो त्या ठोकळ्याचं. काचेवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवा आणि तोंड इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा. मार्करने आधी काळं करून घेतलं की उंचवटा कुठे आहे ते दिसतं. व्हॉल्व्ह घासायची पेस्ट पितळेला लावू नका. तिचे कण पितळेत रुततात आणि पुढे वर्षभर समोरचं तोंड खात बसतात. शेवटचा हात ब्रासोचा.

फुसफुस थांबवायला, ही दोन तोंडं एकमेकांवर दाबून धरणारी स्प्रिंग आवळत नेणं ही पुढची चूक. स्प्रिंग सैल सोडा, बोटाने फ्लायव्हील फिरवून पाहा, फिरलं तर चौथाई आटा आवळा, पुन्हा पाहा. स्प्रिंग सैल असूनही चाक जडच जात असेल, तर शाफ्टच्या दोन बेअरिंगांची भोकं एका रेषेत नाहीत. ती वेगवेगळी पाडलेली असतात. दोन्ही ठोकळे एकत्र आवळून एकाच दमात पाडली की ही भानगड होत नाही.

हवेवर पळतं, वाफेवर अडतं

हा फोन मला डिसेंबर-जानेवारीत जास्त येतो, आणि नाशिकची थंडी त्याला खरंच थोडी जबाबदार आहे. गार सिलिंडरात वाफ शिरली की तिचं पाणी होतं, आणि पाणी दाबलं जात नाही. झुलत्या सिलिंडरात तोंड उचलून ते निसटतं तरी, व्हॉल्व्हवाल्या इंजिनात पिस्टनचा दांडा वाकू शकतो. पहिली दोन मिनिटं चाक हाताने सावकाश फिरवा, पाणी थुंकू द्या. वाफेची नळी हातभर लांब ठेवू नका आणि तिच्यावर सुती दोरी गुंडाळा. तेलाचं म्हणाल, तर शिलाई मशीनचं पातळ तेल ओली वाफ धुऊन नेते. सिलिंडरला दाट स्टीम ऑइल लागतं.

बंब म्हणजे बॉयलर नव्हे

मोडीत बंब दिसला की डोळे चमकतात. तांब्याचं भांडं, मधोमध धुराची नळी, खाली जाळ. दिसायला अगदी उभा बॉयलर. पण बंबाचं पाणी वरून उघडं असतं, त्याला दाब माहीतच नाही. असा एक बंब घेऊन मी तांबटाकडे गेलो होतो. त्याने शिवणीवर नख फिरवलं आणि म्हणाला, "दादा, हे अंघोळीच्या पाण्याचं काम आहे." बंबाचं चिमणीचं टोपण मी वापरलं, बाकी परत मोडीत.

आकडा पाहा. ७५ मिलिमीटर व्यासाचं सपाट झाकण आणि आत २ बार दाब, म्हणजे पंक्चरवाल्याच्या भाषेत २९ पाउंड. त्या झाकणावर सुमारे ९० किलोंचा रेटा येतो. बिनआधाराचं पातळ झाकण फुगतं, म्हणून कडा वळवून दोन झाकणांना जोडणाऱ्या आडव्या सळ्या आत घालतात. भंगारातल्या पत्र्याची जाडी ठोकून ठोकून कुठे किती उरली, ते कुणालाच सांगता येत नाही. पितळही नको: गरम पाणी हळूहळू त्यातलं जस्त काढून नेतं आणि मागे ठिसूळ, सच्छिद्र तांबं उरतं. बॉयलरला नवी, ठाऊक जाडीची, बिनशिवणीची तांब्याची नळी विकत घ्या. काटकसर करायची ती इंजिनात करा. जुने स्प्रेचे डबे, गॅसच्या टाक्या आणि अग्निशामक नळकांडी यांचा तर विचारही नको.

दुसरी मोठी चूक कथलाच्या सोल्डरची. ६३-३७चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर १८३ अंशांना वितळतं आणि २ बारची वाफ साधारण १३४ अंशांची असते, म्हणून चालेल असं वाटतं. पण वितळायच्या आधीच त्याचा जोर जातो, आणि पाणी जाळाच्या खाली उतरलं की तिथलं तापमान क्षणात चढतं. सांधा चांदीच्या ब्रेझिंगचाच, म्हणजे चांदीमिश्रित रॉड वितळवून केलेला, हवा. मात्र टाकणखार ७४३ अंशांना वितळतो, चांदीचे बरेच रॉड त्याआधीच वाहू लागतात, म्हणून रॉडला साजेसा फ्लक्स (सांधा स्वच्छ ठेवणारा लेप) घ्या. रॉड कॅडमियमविरहित आहे ना, तेही विचारा. एसीवाल्याचा फॉस्फरसचा रॉड तांब्याला तांबं जोडायला ठीक, लोखंडावर त्याचा सांधा ठिसूळ होतो.

सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब आपोआप सोडणारी झडप, गळतो म्हणून स्क्रू आवळणारे भेटतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, स्टोव्ह बंद करतो. कायद्यातली बॉयलरची व्याख्या २५ लिटरच्या खालचं भांडं सोडून देते, त्यामुळे तपासायला कुणी अधिकारी येणार नाही. ते काम तुमचंच. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरा, हवेचा बुडबुडाही ठेवू नका आणि प्लंबरच्या टेस्टिंग पंपाने चालवायच्या दाबाच्या दुप्पट दाब द्या. हवेने कधीही नाही. पाणी दाबलं जात नाही, म्हणून सांधा सुटला तरी नुसतं पाणी गळतं. हवा किंवा वाफ सुटते तेव्हा फुटते. एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत १,६०० लिटरहून जास्त वाफ होते.

माझा पहिला बॉयलर या परीक्षेत अडीच बारला सुटला. शर्टावर पेलाभर पाणी उडालं. आता तो टेबलावर ड्रिलचे बिट ठेवायला आहे.