कॅल्साइटवर सोडियम नायट्रेटचा थर चढवताय? या चुका टाळा

गेली काही वर्षं कोथरूडला माझ्या घरी कॉलेजची मुलं आणि दगड जमवणारी हौशी मंडळी एपिटॅक्सीचा प्रयोग करायला येतात, आणि दर वेळी त्याच त्या चुका होतात, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. ज्यांना शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: एका खनिजावर दुसऱ्याचा पातळ थर वाढतो आणि वाढताना खालच्या क्रिस्टलची दिशा उचलतो, त्याला एपिटॅक्सी म्हणतात. कॅल्साइटवर (म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजावर) सोडियम नायट्रेट हा त्यातला अगदी जुना प्रयोग, जर्मन शास्त्रज्ञ फ्रँकेनहाइमने 1836 मध्ये केलेला. एपिटॅक्सी हे नाव नंतर आलं, 1928 मध्ये, फ्रान्सच्या खनिजशास्त्रज्ञ रॉयेकडून. सामान म्हणाल तर कॅल्साइटचा तुकडा, चमचाभर नायट्रेट, ड्रॉपर आणि 10 एक्सचं भिंग. सामान एवढंसं बघून लोकांना वाटतं अर्ध्या तासात उरकेल, आणि तिथेच सगळं बिघडतं.

सगळ्यात जास्त बघितलेली चूक म्हणजे कॅल्साइटला हात लावणं. एका जानेवारीत जिऑलॉजीची थर्ड इयरची एक मुलगी आली, होस्टेलवर तीनदा करून फसलेली, तिन्ही तुकडे टिश्यूत गुंडाळून घेऊन आलेली. द्रावण बरोबर, नायट्रेट बरोबर, वहीत सगळं नीट लिहिलेलं. पहिल्या दोन तुकड्यांवर काहीच कळेना. तिसरा भिंगाखाली धरला तर कडेकडेने बारीक बारीक तिरपे चौकोन, सगळ्यांच्या कडा कॅल्साइटच्या कडेला समांतर, फरशी बसवल्यासारखे. मधे मात्र एक लांबट गोल भाग, त्यात दाणे कसेही विखुरलेले, आणि नीट बघितलं तर ते दाणे वाकड्या वाकड्या रेषांमधे बसलेले. म्हटलं, "अगं, हा तुझा अंगठा आहे." ती म्हणाली, "काका, मी साबणाने हात धुतले होते." हात धुतले तरी त्वचेचा तेलकटपणा थोड्या वेळात परत येतोच, आणि तो इतका पातळ थर असतो की डोळ्याला दिसत नाही, पण नायट्रेटच्या आयनांना खालचा कॅल्साइट "दिसणं" तेवढ्याने बंद होतं. मग दाणे तेलावर बसतात, आणि तेलाला कसली आलीय दिशा.

माझी सवय अशी की आधी द्रावण, ड्रॉपर, झाकायला वाटी, सगळं मांडून ठेवायचं, आणि कॅल्साइट सगळ्यात शेवटी फोडायचा. ब्लेडची धार क्लीव्हेजच्या (म्हणजे दगड जिथून सहज सपाट फुटतो त्या) रेषेला समांतर टेकवायची, वरून छोट्या हातोडीने हलकी टिचकी, तुकडा सरळ सुटतो. आतून निघालेली बाजू आरशासारखी असते, तिला कशाचाही स्पर्श नको, चिमट्याने कडा धरायच्या, आणि मिनिटभरात थेंब पडला पाहिजे. चुकून बोट लागलंच तर पुसत बसू नका, परत फोडा. आपल्याकडे बेसॉल्टच्या खाणींमधे कॅल्साइट भरपूर मिळतो, एका तुकड्यासाठी जीव तोडायची गरज नाही. आणि व्हिनेगरने किंवा लिंबाने "स्वच्छ" करणाऱ्यांनो, कॅल्साइट ॲसिडमधे विरघळतो, तुम्ही तीच बाजू खाऊन टाकताय.

दुसरी चूक घाईची. यूट्यूबवर बघून लोक गरम पाण्यात मावेल तेवढं नायट्रेट घालतात आणि ते गरम द्रावण गार दगडावर ओततात. 100 मिली पाण्यात 20 अंशाला सुमारे 88 ग्रॅम नायट्रेट विरघळतं, 80 अंशाला दीडशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे द्रावण गार झालं की एवढं सगळं जास्तीचं एकदम बाहेर यायला बघतं, मग क्रिस्टल दगडावर सुरू व्हायची वाट बघत नाहीत, थेंबातच जन्मतात आणि पावसासारखे खाली पडतात, जसे पडतील तसे. द्रावण खोलीच्या तापमानालाच तयार करा, तळाशी थोडे न विरघळलेले दाणे राहू देत, रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी वरचं निवळ घ्या. थेंब आपोआप हळूहळू आटतो तेव्हा कॅल्साइटच्या पृष्ठभागावर सुरुवात करणं क्रिस्टलला सोपं जातं, तेच आपल्याला हवंय. ज्यांना एक रात्र थांबता येत नाही त्यांनी हा प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

थर जमलाय का हे बघायला मायक्रोस्कोप लागत नाही. टेबललॅम्पखाली तुकडा हळूहळू फिरवा. एका ठरावीक कोनात सगळे दाणे एकदम चमकतात आणि एकदमच विझतात. इकडेतिकडे वाळूसारखी चमचम दिसली तर परत करा.

पुण्यातल्या लोकांसाठी खास: जुलै-ऑगस्टमधे हे करूच नका. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की सोडियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. एका पावसाळ्यात रविवारी दाखवायचा म्हणून इतका सुंदर थर तयार केला होता, शनिवारी रात्री खिडकीजवळच्या टेबलावर उघडा राहिला, सकाळी कॅल्साइट एका थेंबात बसलेला. चार दिवसांचं काम गेलं. तेव्हापासून सिलिका जेलच्या घट्ट डबीशिवाय काही ठेवत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. दुकानातून नायट्रेटऐवजी नायट्राइट आणू नका, ते विषारी आहे आणि त्याची रचनाच वेगळी, लेबल दोनदा वाचा. नायट्रेट आगीला जोर देतं, उदबत्ती-काडेपेटीपासून लांब. बोअरचं पाणी नको, डिस्टिल्डच घ्या. काचेच्या स्लाइडवर करून "जमलं नाही" म्हणू नका, काचेच्या अणूंना मुळात रांगच नाही.

आणि केमिस्ट्री जुळते म्हणून थर जुळतो हा समज सोडा. कॅल्साइट आणि सोडियम नायट्रेट यांच्यात ऑक्सिजन सोडून एकही मूलद्रव्य सारखं नाही, जुळतं ते जाळीचं माप, म्हणजे क्रिस्टलमधल्या अणूंच्या रांगांमधलं अंतर, कॅल्साइटचं 4.99 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग), नायट्रेटचं 5.07, फरक दोन टक्क्यांच्या आत. याच कारणाने पुण्याजवळच्या वाघोलीच्या स्टिल्बाइट या खनिजावरचं निळं कॅव्हनसाइट हे दुसरं खनिज दाखवून "ही एपिटॅक्सी" म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. एकावर एक बसलं म्हणजे एपिटॅक्सी होत नाही, ती निळी फुलं वाट्टेल त्या दिशेला तोंड करून बसलेली असतात. निसर्गातलं खरं उदाहरण बघायचं तर हेमॅटाइट या लोखंडाच्या खनिजावरच्या रुटाइलच्या (टायटॅनियमच्या खनिजाच्या) सुया बघा, साठ-साठ अंशांवर फुटलेल्या, सहा टोकांच्या चांदणीसारख्या.

प्रयोगाला डिसेंबर-जानेवारी उत्तम. एप्रिल-मेमधे करणार असाल तर पंखा बंद ठेवा आणि थेंबावर वाटी पालथी घाला, एका बाजूला काडी अडकवून बारीक फट ठेवा, नाहीतर दुपारच्या कोरड्या हवेत थेंब तासाभरात आटतो आणि परत तेच वाळूचे दाणे.