ब्राउझरमधून दूरचा डेस्कटॉप: ग्वाकामोले आणि एनजिनएक्स प्रॉक्सी कसे जोडावे

ऑफिसातला किंवा घरचा कॉम्प्युटर दुसऱ्या गावाहून चालवायचा, पण हातातल्या मशीनवर काहीही इन्स्टॉल करायची मुभा नाही. अशा वेळी अपाचे ग्वाकामोले कामाला येतं. समोर फक्त ब्राउझर लागतो. आरडीपी, व्हीएनसी आणि एसएसएच (दूरच्या कॉम्प्युटरशी जोडायच्या तीन पद्धती) ही तिन्ही बोलणी सर्व्हरच्या बाजूला होतात. ब्राउझरपर्यंत चित्र आणि आवाज पोचतो, आणि तिथून कीबोर्ड-माउसच्या हालचाली परत जातात.

दोन गोष्टी सांभाळल्या की ही मांडणी वर्षानुवर्षं चालते: बाहेरच्या जगाला फक्त प्रॉक्सी (पुढे उभा राहून विनंत्या आत पोचवणारा सर्व्हर, इथे एनजिनएक्स) दिसली पाहिजे, आणि त्या प्रॉक्सीने मधला एकही बाइट साठवून ठेवता कामा नये. बहुतेक तक्रारी यातलं एखादं पथ्य मोडल्यामुळेच येतात.

खाली सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. एनजिनएक्सच्या फाइलमध्ये ती रोमन लहान अक्षरांत, शब्द अंडरस्कोअरने जोडून लिहायची.

आधी रचना समजून घ्या

ग्वाकामोलेचे दोन भाग असतात. ग्वाक-डी हा पडद्यामागचा प्रोग्रॅम दूरच्या कॉम्प्युटरशी बोलतो आणि ४८२२ पोर्टवर ऐकतो. वेब-अ‍ॅप टॉमकॅट या जावा वेब-सर्व्हरवर, ८०८० पोर्टवर चालतं आणि लॉगिनचं पान दाखवतं. तिसरा असतो डेटाबेस, त्यात वापरकर्ते आणि कनेक्शनं राहतात. या सगळ्यांच्या पुढे एनजिनएक्स, ४४३ पोर्टवर.

लागणारं साहित्य: दोन कोअर आणि २ जीबी रॅमचा लिनक्स सर्व्हर (मोजक्या वापरकर्त्यांना पुरतो), त्यावर डॉकर (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) आणि असे अनेक कंटेनर एका फाइलमधून चालवणारं डॉकर कंपोज, आणि सर्व्हरच्या आयपीकडे वळवलेलं एखादं डोमेन किंवा सबडोमेन.

पायरी १: कंटेनर उभे करा

कंपोजच्या फाइलमध्ये ग्वाक-डी, ग्वाकामोले (म्हणजे वेब-अ‍ॅप) आणि पोस्टग्रेस (म्हणजे डेटाबेस) अशा तीन सेवा लिहा. ग्वाक-डी आणि ग्वाकामोले यांची आवृत्ती तंतोतंत एकच ठेवा. दोन्हींना ‘लेटेस्ट’ लावलं की एक इमेज नवी आणि एक जुनी राहून जाते आणि कनेक्शन विचित्र कारणांनी तुटतात. आवृत्तीचा आकडा स्वतः लिहिलेला बरा.

वेब-अ‍ॅपला ग्वाक-डीचा पत्ता देताना ‘लोकलहोस्ट’ लिहू नका. कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः. तिथे कंपोजमधलं सेवेचं नाव द्यायचं.

पोर्ट फक्त वेब-अ‍ॅपचं उघडायचं, तेही १२७.०.०.१:८०८० असं बांधून. नुसतं ८०८० लिहिलं तर डॉकर स्वतःचे नियम घालतो आणि यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलने बंद केलेलं पोर्टही बाहेरून उघडं राहतं. ४८२२ तर कधीच उघडू नका, कारण ग्वाक-डी पासवर्ड विचारत नाही.

पायरी २: डेटाबेसचे तक्ते

ग्वाकामोलेच्या इमेजमध्येच ‘इनिट-डीबी’ नावाची स्क्रिप्ट असते. ती पोस्टग्रेसचा पर्याय देऊन एकदा चालवा, तिचा मजकूर एसक्यूएल फाइलमध्ये घ्या आणि ती फाइल पोस्टग्रेस कंटेनरच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टच्या फोल्डरला जोडा.

इथे क्रम चुकला की अडतं. पोस्टग्रेस हे फोल्डर फक्त डेटाची जागा पूर्ण रिकामी असतानाच वाचतो. कंटेनर आधी एकदा सुरू झाला आणि फाइल नंतर ठेवली, तर ती कधीच चालत नाही. लॉगिनचं पान दिसतं, पण पुढे जात नाही, आणि लॉगमध्ये ‘ग्वाकामोले युजर’ हा तक्ता अस्तित्वात नसल्याची ओळ येते. नवीनच मांडणी असेल तर डेटा व्हॉल्यूम पुसून पुन्हा सुरू करा. आत कामाचा डेटा असेल तर एसक्यूएल हाताने चालवा.

पायरी ३: प्रमाणपत्र

एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र सर्टबॉट या प्रोग्रॅमच्या एनजिनएक्स प्लगइनने घ्या. त्यासाठी ८० पोर्ट बाहेरून पोचायला हवं, आणि नूतनीकरणासाठी पुढेही उघडं राहायला हवं. प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं, म्हणून नूतनीकरणाची ‘ड्राय-रन’ चाचणी आत्ताच करून पाहा. एचटीटीपीएस नसेल तर कॉपी-पेस्टही नीट होणार नाही, कारण ब्राउझर क्लिपबोर्ड फक्त सुरक्षित पानाला वापरू देतो.

पायरी ४: प्रॉक्सीच्या ओळी

सगळ्या कामाचा जीव इथे आहे, म्हणून घाई करू नका.

‘प्रॉक्सी पास’मध्ये १२७.०.०.१ वरचं ८०८० पोर्ट आणि त्यापुढे ग्वाकामोलेचा मार्ग द्या, शेवटच्या तिरक्या रेघेसह. ‘लोकेशन’ (कोणत्या पत्त्याला हे नियम लागू, ते सांगणारा भाग) नुसती एक तिरकी रेघ असताना ही शेवटची रेघ गाळली, तर पुढचा मार्ग ग्वाकामोले या शब्दाला सरळ चिकटतो आणि ४०४ येतो.

‘प्रॉक्सी बफरिंग’ ऑफ करा. एनजिनएक्स सवयीने मागच्या सर्व्हरचं उत्तर थोडं साठवून मग पुढे पाठवतो. साध्या वेब-पानाला ते फायद्याचं, पण डेस्कटॉपचं चित्र सतत थेंबाथेंबाने येत असतं. ते साठवलं की माउस हलवल्यावर बाण सेकंदभराने उडी मारतो.

‘प्रॉक्सी एचटीटीपी व्हर्जन’ १.१ ठेवा, आणि ब्राउझरने पाठवलेले ‘अपग्रेड’ व ‘कनेक्शन’ हे दोन्ही हेडर (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळी) ‘प्रॉक्सी सेट हेडर’ने पुढे द्या. एनजिनएक्स हे दोन हेडर आपणहून पुढे पाठवत नाही, आणि त्यांच्याशिवाय वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधली सतत उघडी राहणारी जोडणी, जुळत नाही.

यात फसवं काय, तर वेबसॉकेट न जुळलं तरी डेस्कटॉप दिसतो. ग्वाकामोले गुपचूप साध्या एचटीटीपी मार्गावर उतरतं आणि सगळं जडशीळ चालतं. खात्री करायची तर ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, नेटवर्क टॅबमध्ये ‘वेबसॉकेट-टनेल’ शोधा. स्थिती १०१ असेल तर जुळलं.

‘क्लायंट मॅक्स बॉडी साइज’ मूळचा १ एमबी असतो. फाइल चढवणार असाल तर तो वाढवा, नाहीतर मोठी फाइल ४१३ देऊन परत येईल. या लोकेशनचा ‘अ‍ॅक्सेस लॉग’ बंद ठेवलेला चांगला. एचटीटीपी मार्गावर असताना विनंत्यांचा पूर येऊन लॉग फुगतो.

शेवटी वापरकर्त्याचा खरा आयपी सांगणारा ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ हेडर पाठवा आणि तो वाचणारा टॉमकॅटचा ‘रिमोट आयपी व्हॉल्व्ह’ चालू करा. नाहीतर ग्वाकामोलेला प्रत्येक माणूस प्रॉक्सीच्याच आयपीवरून आलेला दिसतो. १.६ आवृत्तीपासून चुकीचे पासवर्ड मोजून पत्ता रोखायची सोय आहे: मुळात ५ चुका झाल्या की ५ मिनिटं बंदी. खरा आयपी पोचत नसेल तर एकाच्या चुकांमुळे सगळ्यांचं लॉगिन बंद पडतं.

फाइल जतन केल्यावर ‘एनजिनएक्स -टी’ने तपासा आणि मगच रीलोड करा.

पायरी ५: पहिलं लॉगिन

मूळ नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘ग्वाक-अ‍ॅडमिन’ (रोमनमध्ये सलग guacadmin) असतात, आणि ते जगाला माहीत आहेत. आत जाताच नवा प्रशासक बनवा, त्याला सगळे अधिकार द्या, त्याच्या नावाने पुन्हा लॉगिन करा आणि जुनं खातं काढून टाका. त्यानंतर टीओटीपी (पासवर्डसोबत मोबाइलवरचा बदलता कोड मागणारं) हे एक्सटेन्शन चालू करा. मोबाइलवरचा ६ अंकी कोड ३० सेकंदांत बदलतो, त्यामुळे सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे असेल तर बरोबर कोडही नाकारला जातो. वेळ एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ जुळवणाऱ्या सेवेने) जुळवून ठेवा.

पायरी ६: कनेक्शन

विंडोजसाठी आरडीपी, पोर्ट ३३८९. विंडोजची होम आवृत्ती आरडीपीवर बाहेरच्याला आत घेत नाही. तिथे व्हीएनसी सर्व्हर बसवून ५९०० वापरावं लागतं. एकाला मदत करताना दोघांना एकच पडदा पाहायचा असेल, तरीही व्हीएनसीच योग्य, कारण आरडीपीने जोडलं की समोरच्या विंडोजचा पडदा कुलूपबंद होतो.

आरडीपी लगेच तुटत असेल तर पहिला संशय प्रमाणपत्रावर घ्या. विंडोज स्वतःच सही केलेलं प्रमाणपत्र दाखवतो आणि ग्वाक-डी ते मानत नाही. आपल्याच अंतर्गत जाळ्यातलं मशीन असेल तर ‘इग्नोर सर्व्हर सर्टिफिकेट’वर खूण करा. तरीही न जमल्यास ग्वाक-डीच्या कंटेनरचा लॉग वाचा. वेब-पानावरच्या संदेशापेक्षा तिथे कारण बरंच नेमकं मिळतं.

चिन्हं उलटसुलट उमटत असतील तर कीबोर्ड लेआउट दूरच्या विंडोजशी जुळवा. यादीत आपला लेआउट नसेल, किंवा थेट देवनागरी पाठवायची असेल, तर ‘युनिकोड’ किंवा ‘फेलसेफ’ नावाचा पर्याय वापरून पाहा. रिसाइझसाठी ‘डिस्प्ले अपडेट’ निवडलं की खिडकी लहानमोठी केल्यावर डेस्कटॉपही तसाच बसतो. नेट मंद असेल तर रंगखोली १६ बिट करा आणि वॉलपेपर बंदच राहू द्या.

चालू कनेक्शनमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की बाजूचा मेनू उघडतो. टचस्क्रीनवर डाव्या कडेने बोट आत सरकवा. क्लिपबोर्ड, फाइली आणि डिस्कनेक्ट तिथेच आहेत. ब्राउझरचा टॅब नुसता बंद केला तर दूरच्या विंडोजवरचं सेशन उघडंच राहतं, म्हणून काम झाल्यावर विंडोजमधून साइन-आउट करा. आणि दूरचं मशीन झोपी जाणार नाही असं पॉवर सेटिंग आधीच करून ठेवा; झोपलेल्या मशीनला ग्वाकामोले जोडू शकत नाही.