तालुक्याच्या वाचनालयात दिवाळी अंक योजना कशी राबवावी

१५ ऑक्टोबरला, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. दिवाळी अंक योजनेची, म्हणजे वर्गणी भरून वाचनालयातले दिवाळी अंक आळीपाळीने वाचायला नेण्याच्या योजनेची, नावनोंदणी त्याच दिवशी सुरू करावी, कारण कार्यक्रमाच्या निमित्ताने एरवी न फिरकणारी माणसेही वाचनालयात येतात. वर्गणी आणि अनामत यांच्या पावत्या वेगवेगळ्या फाडाव्यात. अंक हाती येताच दाखल नोंदवहीत नोंद करून शिक्का मारावा. जाड अंकाची पाठ हाताळणीने लवकर उसवते, म्हणून टोच्याने भोके पाडून ती दोऱ्याने शिवावी आणि पारदर्शक कव्हर घालावे, कारण पुष्कळ वाचक अंक मुखपृष्ठावरूनच ओळखतात. एका वेळी एकच अंक द्यावा. मुलांचे अंक मात्र खालच्या फळीवर, त्यांच्या हाताला सहज लागतील असेच ठेवावेत.