मराठवाड्यातून शेफ व्हायचे असेल तर

संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ हा कार्यक्रम १९९३ मध्ये झी टीव्हीवर सुरू झाला, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र दिल्लीतील पुसा येथील हॉटेल मॅनेजमेंट संस्थेतून पदविका घेऊन ते १९८४ मध्येच या व्यवसायात उतरले होते आणि मधली नऊ वर्षे त्यांनी हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत काढली होती, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. २०११ मध्ये सुरू झालेली फूडफूड वाहिनी असो वा २०१७ मधील पद्मश्री, या सगळ्याचा पाया त्या नऊ वर्षांत घातला गेला, असे माझे ठाम मत आहे. परभणी, बीड, लातूरकडची मुले-मुली ‘शेफ व्हायचे आहे, काय करू?’ असे विचारतात, तेव्हा मी त्यांच्याशी बोलायला याच नऊ वर्षांपासून सुरुवात करतो.

नामवंत शेफचे चरित्र वाचताना एक प्रश्न सतत मनात ठेवावा: प्रसिद्धी मिळण्यापूर्वी हा माणूस रोज नेमके कोणते काम करत होता? अमृतसरचे विकास खन्ना आजीच्या स्वयंपाकघरात शिकले, पुढे मणिपालला हॉटेल मॅनेजमेंट केले आणि न्यूयॉर्कला गेल्यावर सुरुवातीला भांडी घासण्यासह मिळेल ते काम केले. त्यांच्या ‘जुनून’ या रेस्टॉरंटला मिशलिन तारा, म्हणजे उत्कृष्ट रेस्टॉरंटांना मिळणारा आंतरराष्ट्रीय मान, मिळाला तो २०११ मध्ये. लखनौचे इम्तियाज कुरेशी कोणत्याही संस्थेत शिकले नाहीत, लहानपणापासून चुलीजवळ राबूनच त्यांनी ही विद्या मिळवली आणि २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वाटा वेगळ्या असल्या, तरी हाताला वळण लागण्याचा काळ दोघांनाही चुकला नाही.

आता शिक्षणाकडे वळू. दहावीनंतर लवकर कामाला लागायचे असेल, तर आयटीआयमध्ये ‘फूड प्रॉडक्शन (जनरल)’ आणि ‘बेकर अँड कन्फेक्शनर’ असे एक-एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. घरची परिस्थिती बेताची असेल तर मी हाच रस्ता आधी सुचवतो, कारण वर्षभरात सुरी हातात स्थिरावते आणि पुढचे शिक्षण कमावता कमावता घेता येते. बारावीनंतर दोन मोठे पर्याय आहेत: राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा देऊन चार वर्षांची हॉटेल मॅनेजमेंटची पदवी, किंवा हॉटेल मॅनेजमेंटच्या राष्ट्रीय परिषदेची संयुक्त प्रवेश परीक्षा देऊन मुंबईत दादरला आहे तशा सरकारी संस्थेत प्रवेश. या दुसऱ्या परीक्षेसाठी बारावीला इंग्रजी विषय असणे आवश्यक आहे. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरला ताज समूहाच्या सहकार्याने १९८९ मध्ये सुरू झालेली संस्था आहे आणि तिथे पाककलेचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रमही शिकवला जातो. प्रवेश घेण्यापूर्वी कोणत्याही संस्थेत प्रत्यक्ष जावे, प्रात्यक्षिकाचे स्वयंपाकघर पाहावे आणि आठवड्यातून किती तास विद्यार्थ्यांच्या हातात कढई असते, हे तिथल्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. माहितीपत्रकातील छायाचित्रांवरून हे कळत नाही.

इंग्रजीची धास्ती आपल्या मुलांना फार असते. त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की, स्वयंपाकघरातले इंग्रजी आणि फ्रेंच शब्द मोजके आहेत. ब्रुन्वाज म्हणजे साधारण तीन मिलिमीटरचे बारीक चौकोनी तुकडे आणि जुलियन म्हणजे काडेपेटीतील काडीसारखे लांब काप. असे पन्नास-साठ शब्द मराठीत अर्थ लिहून पाठ केले, की पहिल्या महिन्यातील बावरलेपण बरेच कमी होते.

पहिली नोकरी बहुधा कॉमी, म्हणजे सर्वांत खालच्या पायरीवरचा मदतनीस स्वयंपाकी, म्हणून मिळते. त्यानंतर विभागप्रमुखाच्या हाताखालचा डेमी, मग एका विभागाची जबाबदारी सांभाळणारा सीडीपी (शेफ द पार्टी), मग मुख्य शेफचा उजवा हात असलेला सू शेफ आणि शेवटी एक्झिक्युटिव्ह शेफ, अशी ही उतरंड आहे. माझ्या पहिल्या नोकरीत दिवसाची सुरुवात कांद्याच्या गोणीने होत असे. चॉपिंग बोर्ड ओट्यावर घसरत होता आणि मी घाईने कापत होतो. तेव्हा शेजारच्या ज्येष्ठ कॉमीने काही न बोलता बोर्डाखाली ओले फडके घातले आणि माझ्या डाव्या हाताची बोटे आत वळवून दाखवली. बोटांची टोके आत आणि मधली पेरे सुरीला टेकलेली ठेवली, की सुरी पेरांच्या आधाराने खाली-वर होते आणि बोट कापत नाही. सुरी धरताना केवळ मूठ आवळू नये, पात्याचे बूड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घ्यावे. हे दोन धडे घरच्या घरी आजपासून गिरवता येतात. त्याबरोबरच शिजवलेले अन्न पाच ते साठ अंश सेल्सिअस या तापमानात रेंगाळू न देण्याची सवय लावून घ्यावी, कारण जंतू याच टप्प्यात झपाट्याने वाढतात आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर तासाभरानेही फरक पडतो.

आपल्या भागातून आलेल्या मुलांकडे आणखी एक भांडवल असते आणि त्याची किंमत त्यांना स्वतःलाच नसते, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिकटपणा देणारे प्रथिन, नसते, म्हणून ते गरम पाण्यात भिजवून तळहाताने रगडावे लागते आणि तव्यावर टाकल्यावर भाकरीच्या वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवावा लागतो. हे तंत्र तुमच्या आईला येते आणि मोठमोठ्या हॉटेलांतील स्वयंपाक्यांना ते नव्याने शिकावे लागते. येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांचे पीठ), धपाटे, अंबाडीची भाजी, वरणफळे, हुरडा, संभाजीनगरचा नान-खलिया, जालन्याची दगडी ज्वारी, बोरसुरीची तूरडाळ, बीडचे सीताफळ हे सगळे ज्याच्या जिभेवर लहानपणापासून आहे, त्याला वेगळेपण बाहेर शोधत फिरावे लागत नाही. शेजारच्या विदर्भातील विष्णू मनोहर यांनी मराठी पदार्थांच्याच बळावर नाव कमावले. २०१७ मध्ये नागपुरात त्यांनी पन्नास तासांहून अधिक वेळ सलग स्वयंपाक केला, तोही आपल्याच भाषेच्या प्रेक्षकांसमोर.

म्हणून प्रशिक्षण सुरू असतानाच, सुट्टीत घरी आल्यावर, घरच्या पाककृती मापात बसवून लिहाव्यात. आजी कधी ग्रॅममध्ये सांगणार नाही, ती ‘हाताच्या अंदाजाने’ एवढेच म्हणेल. त्यावर एक सोपा उपाय आहे. येसराची आमटी करायला ती बसण्यापूर्वी येसर, तिखट, मीठ आणि तेल यांचे डबे काट्यावर वजन करून ठेवावेत, तिला नेहमीच्या पद्धतीने स्वयंपाक करू द्यावा आणि नंतर डबे पुन्हा मोजावेत. दोन वजनांतील फरक म्हणजे तिच्या हाताचे माप. पाणीही तांब्याने न मोजता याच रीतीने टिपावे. आमटीला किती वेळाने उकळी आली आणि ती किती वेळ उकळली, हे घड्याळ लावून लिहावे.

कॅमेऱ्यासमोर उभे राहायचे ते अशा पंधरा-वीस कृती हाताशी आल्यानंतर. व्हिडिओत पदार्थ एकच घ्यावा, माप आधी सांगावे आणि हात दिसतील अशा उंचीवर कॅमेरा ठेवावा, कारण प्रेक्षकाला शिकायचे असते ते हातांकडून. त्याआधी, लिहिलेली कृती शेजारच्या घरी देऊन त्यांच्याकडून आमटी करून घ्यावी आणि ती आजीला चाखायला द्यावी. ‘मीठ बरोबर आहे, पण फोडणी करपवली की रे,’ असे ती म्हणाली, तर फोडणीच्या ओळीपुढे गॅस कधी बारीक करायचा आणि लसणाचा रंग कसा दिसायला हवा, हे वाढवून लिहावे आणि कृती दुसऱ्या घरी द्यावी.