उसात रानडुकराचं पिल्लू सापडलं? पाळायचा विचार सोडा, हे करा

शेवटच्या सऱ्या तोडताना पाचटात पिल्लं सापडतात आणि टोळीतला कोणीतरी म्हणतोच, "मालक, एक ठेवा की, माणसाळतंय." माणसाळतं, खरंय. पण केस होते ती मालकावर, टोळी तोवर पुढच्या गावाला गेलेली असते.

१. आधी ओळखा. रानडुकराच्या पिल्लाच्या तांबूस अंगावर मानेपासून शेपटीकडे फिकट पिवळे पट्टे असतात, काही महिन्यांत ते जातात.

२. हात लावू नका. आई बहुतेक जवळच असते आणि पिल्लासाठी माणसावर येते. तेवढा तुकडा तोडायचा राहू द्या, कुत्री बांधा, माणसं बाजूला घ्या. बऱ्याचदा ती रात्रीत पिल्लं हलवते आणि विषय संपतो.

३. पिल्लू कुणीतरी घरी आणलंच असेल तर मात्र नीट वाचा, कारण सगळे घोळ इथंच होतात आणि सुरुवातीला मलाही इथंच घाम फुटलेला. "माझ्या गटात सापडलं म्हणजे माझं" हे डोक्यातून काढा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे, आणि विनापरवाना धरून ठेवलेला वन्यप्राणी कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता होतो. ताब्यात आल्यापासून ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं, ते मागतील तेव्हा द्यायचं. "थोडं मोठं झालं की सोडू" म्हणणाऱ्याचे ४८ तास केव्हाच गेलेले असतात. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

१९२६ वर फोन करा, पण फोनवर थांबू नका. समोरचा म्हणतो "बघतो, माणूस पाठवतो", माणूस येत नाही आणि नंतर तुमच्याकडं दाखवायला काहीच नसतं. साध्या कागदावर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा: तारीख, वेळ, गट नंबर, किती पिल्लं, कुणाला कशी सापडली, आता कुठं ठेवलीत. दोन कॉप्या. एकीवर सही, शिक्का, तारीख घेऊनच बाहेर पडायचं, "कशाला लागतंय पाव्हणं" असं म्हटलं तरी. ऑफिस बंद असेल तर पोलीस ठाण्यात द्या, कायद्यानं चालतं. पिल्लू नेतील तेव्हा ताबा पावतीही मागा. पोच लॅमिनेट करायची गरज नाही पण सातबाऱ्याच्या फाईलला लावून ठेवा.

आणि बाटलीनं दूध पाजतानाचं रील टाकू नका रे. तुमच्या तोंडासकट पुरावा तुम्हीच तयार करताय.

४. विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, कापायचं तर नाहीच. मटण विकत घेणाराही अडकतो.

५. गावठी किंवा यॉर्कशायर डुकरं पाळत असाल तर कुंपण दुहेरी घाला, रानडुक्कर माद्यांजवळ येतं. एकतर त्यातून पट्ट्याची संकर पिल्लं झाली की खुलासे देत बसावं लागतं, आणि आफ्रिकन स्वाईन फीवर हा डुकरांचा साथीचा रोग पाळीव आणि रान दोन्ही डुकरांना होतो, त्यावर औषध नाही. डुकरं खरेदीच्या पावत्या जपा.

६. राग पिकाचा असेल तर फास, गावठी बॉम्ब, तारेत थेट लाईट असलं काही करू नका, त्यात माणसं मेलीत. झटका मशीन (कुंपणाच्या तारेला नुसता झटका देणारं यंत्र) बसवा. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या डुकरासाठी त्याच कायद्याच्या कलम ११ खाली परवानगी मागता येते, ती लेखी हातात पडल्याशिवाय काही करायचं नाही. भरपाईचा अर्ज तीन दिवसांत वनखात्याकडं द्या आणि पंचनामा होईपर्यंत ते रान नांगरू नका, खुरांचे ठसे आणि उकरलेले खड्डे तिथं दिसायला हवेत.