स्विच, स्टीम डेक की ॲलाय? गोव्यातल्या घरासाठी हँडहेल्ड कन्सोल कसा निवडावा

चवथ जवळ आली की दरवर्षी मला एकच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येतो. "ताई, पोराला हातात धरून खेळायचा कन्सोल घ्यायचाय, कुठला घेऊ?" पाठोपाठ प्रोसेसरचं नाव येतं, रॅम येते, कुठल्याशा व्हिडिओत पाहिलेले फ्रेमचे आकडे येतात. मी आधी दोनच गोष्टी विचारते: तो खेळणार काय आणि खेळणार कुठे? ही उत्तरं मिळाली की निम्मी यंत्रं तिथल्या तिथे बाद होतात.

ताकदीचा आकडा शेवटी का बघायचा, याचं उदाहरण या यंत्रांच्या इतिहासातच आहे. १९८९ साली आलेल्या निन्टेन्डोच्या गेम बॉयला रंग नव्हते, पडद्याला स्वतःचा उजेडही नव्हता. पुढच्याच वर्षी सेगाचा गेम गियर आला, तो रंगीत आणि उजळ. पण गेम गियर ६ पेन्सिल सेल घ्यायचा आणि ३ ते ५ तासांत संपवायचा, तर गेम बॉय ४ सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा. लोकांनी गेम बॉय घेतला. आज सेल गेले, पडदे सुधारले, तरी निवड बरीचशी त्याच गोष्टींवर ठरते.

पहिली पायरी: पाच गेमची नावं लिहा

वही घ्या आणि ज्याच्यासाठी यंत्र घ्यायचं त्यालाच लिहायला बसवा. "सगळे गेम" हे उत्तर घेऊ नका. पुढच्या वर्षभरात नक्की खेळणार असे पाच लिहून घ्या.

यादीत मारिओ, झेल्डा किंवा पोकेमॉनचे मुख्य गेम असतील, तर निन्टेन्डोला पर्याय नाही. ते गेम दुसऱ्या कुठल्या कन्सोलसाठी निघतच नाहीत. मग प्रश्न उरतो तो ३ मार्च २०१७ ला आलेल्या स्विचच्या कुटुंबातलं कुठलं यंत्र घ्यायचं की ५ जून २०२५ ला आलेला स्विच २ घ्यायचा, एवढाच. स्विच २ वर जुन्या स्विचचे बहुतेक गेम चालतात.

आपल्याकडे यादीत हमखास येतो तो फुटबॉल. गावागावांत मैदान असलेल्या राज्यात हे व्हायचंच. इथे जरा थांबून वाचा, कारण सर्वात जास्त पैसे याच गेमपायी चुकीच्या यंत्रावर खर्च होताना मी पाहिलेत. व्हॉल्व कंपनीच्या स्टीम डेकवर विंडोज नसतं. त्यावर लिनक्सवर बेतलेली स्टीमओएस असते आणि विंडोजचे गेम 'प्रोटॉन' नावाच्या थरामधून चालवले जातात. हजारो गेम असे उत्तम चालतात. पण ऑनलाइन खेळातली लबाडी रोखणारी काही सॉफ्टवेअर लिनक्सवर चालायला नकार देतात. ईए स्पोर्ट्स एफसी या फुटबॉलच्या गेमच्या अलीकडच्या आवृत्त्या, व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट या कारणाने डेकवर चालत नाहीत. एफसी हवा असेल तर विंडोज असलेलं यंत्र, म्हणजे आसुसचा आरओजी ॲलाय किंवा लेनोवोचा लीजन गो, नाहीतर स्विच २. जुन्या स्विचवरही एफसी मिळतो, पण तो मोठ्या कन्सोलवरचा पूर्ण गेम नव्हे, त्यात बरंच कमी असतं.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेम डेकवर चालतो का याचा शेरा दिलेला असतो: व्हेरिफाइड, प्लेएबल किंवा अनसपोर्टेड. पाचही नावं तिथे शोधा. दहा मिनिटांचं काम आहे.

यादीत पहिलं नाव बीजीएमआय असेल तर यांतलं काहीच घेऊ नका. तो मोबाइलचा गेम आहे. बरा फोन घ्या.

दुसरी पायरी: जागा ठरवा

घरात आधीच प्लेस्टेशन ५ असेल तर प्लेस्टेशन पोर्टलचा मोह होतो, कारण तो बाकीच्यांपेक्षा बराच स्वस्त आहे. पण आपल्याकडे पोर्टल म्हणजे वायफायवरून चालणारा, घरातल्या पीएस ५चा दुसरा पडदा. पीएस ५ नसेल तर तो निरुपयोगी. सोनी किमान ५ एमबीपीएस आणि चांगल्या अनुभवासाठी १५ एमबीपीएस वेग सांगते. इंटरनेटच्या योजनेत हा आकडा सहज दिसतो, मात्र जुन्या घराच्या जाड चिऱ्यांच्या भिंती त्यात धरलेल्या नसतात. राउटर पुढच्या ओसरीत आणि मुलगा मागच्या खोलीत असला की चित्र अडखळतं. विकत घेण्याआधी फोन घेऊन त्याच कोपऱ्यात बसा, वेग मोजा. कमी आला तर आधी राउटरची जागा बदला.

मडगाव ते मुंबई नेहमी रेल्वेने जाणाऱ्यांनी इंटरनेटवर टेकणारं काहीच धरू नये. कोकण रेल्वेचा एकटा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे, आणि असे बोगदे एकामागून एक येतात. यंत्रातच साठवलेले गेम लागतील. निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक गेम घरच्या वायफायवर एकदा उघडून बघा आणि मग स्टीम ऑफलाइन मोडवर टाका. काही गेम पहिल्यांदा उघडताना इंटरनेट मागतात, आणि ते गाडीत बसल्यावर कळून उपयोग नसतो.

खेळणं तुकड्या-तुकड्यांत होणार असेल, म्हणजे दिवाडी बेटाची फेरीबोट पलीकडे लागेपर्यंत किंवा क्लासबाहेर बसून, तर झोप-जाग कशी आहे ते बघा. स्विच आणि स्टीम डेक बटण दाबताच झोपतात आणि जागे झाल्यावर गेम होता तिथून सुरू होतो. विंडोजच्या यंत्रांचं यात खात्रीचं नाही. कधी गेम बंद पडलेला असतो, कधी बॅगेतच बॅटरी उतरलेली असते.

आणि चवथीचं घर. आरत्या झाल्या, जेवणं झाली, दहा-बारा चुलत-मावस भावंडं एका खोलीत. अशा वेळी स्विचला तोड नाही असं माझं ठाम मत आहे. त्याचे दोन जॉय-कॉन सुटे करून आडवे धरले की दोघांचे दोन कंट्रोलर होतात, आणि यंत्र ठेवायचा स्टँड, म्हणजे डॉक, टीव्हीला लावला की सगळी खोली खेळात येते. ॲलाय किंवा डेकवरही हे जमतं, पण त्यासाठी कंट्रोलर आणि डॉक वेगळे घ्यावे लागतात. लक्षात ठेवा, स्विच लाइट यात बसत नाही: त्याचे कंट्रोलर सुटत नाहीत आणि तो टीव्हीलाही जोडता येत नाही.

तिसरी पायरी: दुधाची पिशवी धरून बघा

स्विच लाइट २७५ ग्रॅमचा आहे, ओएलईडी पडद्याचा स्विच, म्हणजे स्विच ओएलईडी, सुमारे ४२०, स्विच २ सुमारे ५३४, ॲलाय ६०८, स्टीम डेक ओएलईडी ६४०, ॲलायची पुढची आवृत्ती ॲलाय एक्स ६७८ आणि पहिला लीजन गो कंट्रोलरसकट ८५४ ग्रॅम. वाचून हे आकडे कळत नाहीत. फ्रीजमधली अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी डब्यात ठेवून तो डबा दोन्ही हातांनी छातीसमोर पंधरा मिनिटं धरा. साधारण तो स्विच २. लीजन गोसाठी त्यात आणखी पाव लिटरची भर घाला. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी घेत असाल तर डबा त्याच्याच हातात द्या.

चौथी पायरी: बॅटरीचा साधा भागाकार

विंडोज आणि स्टीमच्या यंत्रांवर बॅटरी वॅट-तासांत लिहिलेली असते. तिला गेम किती वॅट खातो त्याने भागलं की तास मिळतात. पहिल्या ॲलायची बॅटरी ४० वॅट-तासांची आहे. मोठा गेम सगळं मिळून २५ वॅट खात असेल तर दीड तासापेक्षा थोडंच जास्त. स्टीम डेक ओएलईडीची ५०, ॲलाय एक्सची ८०. म्हणजे याच गेमला २ तास आणि ३ तासांवर. साधा, द्विमितीय गेम १० वॅटमध्येही भागतो, म्हणून व्हॉल्व डेक ओएलईडीसाठी ३ ते १२ तास असा लांबलचक पल्ला सांगते. निन्टेन्डो स्विच ओएलईडीला साडेचार ते ९ तास देते, स्विच २ला मात्र २ ते साडेसहा. नवीन यंत्र जास्त टिकेल असं गृहीत धरू नका.

पावसाळ्यात ज्यांच्याकडे वरचेवर लाइट जाते त्यांनी पॉवर बँकही धरावी. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टने गुणून ७४ वॅट-तास, त्यातलाही काही भाग उष्णतेत जातो. ती यूएसबी पीडी, म्हणजे जास्त वॅट देणारी, असायला हवी. डेकचा चार्जर ४५ वॅटचा, ॲलायचा ६५चा. फोनची साधी बँक लावली तर खेळताना चार्ज चढण्याऐवजी उतरत राहतो.

पाचवी पायरी: बिघडला तर कुणाकडे जाणार?

माझ्या मते सर्वात जास्त वेळ इथे द्यावा. निन्टेन्डोचं भारतात अधिकृत दुकान किंवा सर्व्हिस सेंटर नाही, आणि व्हॉल्वही स्टीम डेक इथे अधिकृतपणे विकत नाही. बाजारात दिसतो तो बाहेरून आणलेला माल. त्यावर दुकानदार जी वॉरंटी देतो ती त्याची स्वतःची. मी एकदा अशाच तोंडी भरवशावर यंत्र घेतलं होतं. चार महिन्यांनी ते चार्ज घेईनासं झालं, दुकान तोवर बंद झालेलं, आणि दुरुस्तीसाठी ते मला बेळगावला नि मग मुंबईला पाठवावं लागलं. तेव्हापासून मी बिलावर सिरीयल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घेतल्याशिवाय पैसे देत नाही.

आसुस आणि लेनोवो यांची भारतात अधिकृत विक्री आणि सेवा आहे. ॲलाय इथे जुलै २०२३ मध्ये ६९,९९० रुपयांना आला होता. तरीही पणजीच्या सर्व्हिस सेंटरला आधी फोन करून विचारा: हँडहेल्ड इथेच उघडता की बाहेर पाठवता, आणि किती दिवस लागतात?

बहुतेक घरांत आखातातून कुणीतरी येणारं असतं, आणि "दुबईहून मागवू" हा विचार चुकीचा नाही. तीन गोष्टी मात्र सांभाळा. वॉरंटी ज्या प्रदेशात विकलं तिथली असते. तिथल्या चार्जरची पिन तीन चौकोनी पायांची असते, ॲडॅप्टर लागेल. आणि विमानतळ दाबोळीचा असो की मोपाचा, सामानाच्या ड्यूटी-फ्री मर्यादेचा त्या वेळचा नियम आधी बघून ठेवा. लॅपटॉपला वेगळी सूट असते, पण कन्सोल त्यात मोजला जाईल अशा समजुतीत राहू नका. जपानहून कुणी आणत असेल तर आणखी जपा. तिथे स्विच २ची एक स्वस्त आवृत्ती मिळते, जी फक्त जपानी भाषेत चालते आणि फक्त जपानचंच निन्टेन्डो खातं स्वीकारते.

सहावी पायरी: दोन वर्षांचा खर्च मांडा

स्टीमवर किमती रुपयांत असतात आणि उन्हाळी व हिवाळी सेलमध्ये जुने गेम खूप उतरतात. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम वर्षानुवर्षं फारसे स्वस्त होत नाहीत. पण त्यांची कार्डं खेळून झाल्यावर विकता येतात, भावंडांत फिरवता येतात. स्टीमचा गेम विकता येत नाही. स्विच २च्या काही खोक्यांवर 'गेम-की कार्ड' लिहिलेलं असतं. त्या कार्डात गेम नसतो, तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो आणि खेळताना कार्डही आत लागतं. स्विच २ला मेमरी कार्डही मायक्रोएसडी एक्सप्रेस प्रकारचंच लागतं. घरातलं जुनं कार्ड गेम साठवायला चालणार नाही, तेव्हा त्याचे पैसे आत्ताच धरा.

जुना घेताना

घरी येऊन दाखवा म्हणावं, आणि विकणाऱ्यासमोर स्वतःचं खातं घालून ऑनलाइन दुकान उघडून बघा. कुणी छेडछाड करून चोरीचे गेम घातलेले असतील तर निन्टेन्डो ते यंत्र ऑनलाइन सेवांमधून कायमचं बाद करतं, आणि नुसतं चालू करून बघितल्यावर हे कळत नाही. मग कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन अंगठ्याने फिरवायच्या दोन्ही स्टिक सोडून द्या. पडद्यावरचा ठिपका आपोआप सरकत असेल तर आतला भाग झिजलाय. स्विच आणि स्विच ओएलईडीवर जॉय-कॉन बदलून भागतं, स्विच लाइटमध्ये सगळं यंत्र उघडावं लागतं. लीजन गोच्या स्टिक चुंबकावर चालतात, त्यामुळे त्यांत ही झीज होत नाही. २०२३चा पहिला ॲलाय असेल तर मेमरी कार्ड घालून अर्धा तास मोठा गेम चालवा. उष्णतेने कार्ड वाचणारा भाग बिघडू शकतो हे आसुसने स्वतः मान्य केलं होतं.

यांतल्या एकाही यंत्राला पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन नाही. मिरामारच्या वाळूत नेऊ नका, स्टिकच्या फटीत गेलेला एक कण पुरतो. जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्या दर महिन्याला बदला. बरेच दिवस वापर नसेल तर बॅटरी साधारण अर्धी ठेवूनच डबा बंद करा.