पक्कड, रबरबँड आणि पैठणीची जर

घरी फ्लाय, म्हणजे गळावर दोरा-पीस बांधून केलेलं माशाचं नकली आमिष, बांधताना खरी अडचण गळ धरायची असते. शिकंजा विकत घ्यायची गरज नाही.

१. पकडीच्या तोंडात गळाचा वाक धरा आणि मुठींना रबरबँडचे घट्ट वेढे घाला. दोन्ही हात मोकळे.

२. शिवणाचा पॉलिस्टर दोरा गळाच्या डोळ्यापासून, म्हणजे तंगूस ओवायच्या भोकापासून, वाकापर्यंत गुंडाळा.

३. अंगाला जर. येवला जवळ, त्यामुळे नाशकात शिंप्याकडे पैठणीच्या काठाच्या चिंध्या मागून पाहा. एकच तार उसवून वेढे द्या. पाण्यात ती बारक्या माशाच्या पोटासारखी चमकते.

४. पीस गावठी कोंबड्याच्या मानेचंच हवं, लांब, अरुंद, तुकतुकीत. चिकनवाल्याकडून आणा, साबणाने धुऊन वाळवा. बुडाची लव काढून ते डोळ्यामागे बांधा, चार-पाच वेढे द्या. तंतू ताठ उभे राहिले की समजा जमलं. छातीचं मऊ पीस तरंगत्या फ्लायला नको, भिजलं की चिकटून बसतं.

५. गाठ मारून वर नेलपॉलिशचा थेंब, तोही टूथपिकने. डोळ्यात गेला तर नदीकाठी तंगूस ओवता येत नाही. रात्रभर वाळू द्या.

आणि गंजलेला गळ कितीही आवडता असला तरी वापरू नका. मासा लागतो आणि गळ तुटून त्याच्या तोंडात राहतो.